अपडेटमध्ये गेलेली ओळ

वहिनीला अंडी उबवायचं मशीन करून दिलं, तेव्हा गावात माझी कॉलर लई ताठ झाली होती. मंद्रूपला आमच्या घरी एक बंद पडलेला फ्रिज पडवीत उभा होता, वहिनी त्यात डाळी-बिळी ठेवायची. तो रिकामा करून मी आत दोन बल्ब बसवले, एक छोटा पंखा, खाली पाण्याची परात, आणि दारावर माझं कार्ड. कार्ड म्हणजे तळहाताएवढा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, त्यावर एक चिप, आणि चिपमध्ये मी लिहिलेला प्रोग्राम. आतली ऊब कमी झाली की बल्ब लागणार, जास्त झाली की विझणार. बास, एवढंच. पण गल्लीतल्या बाया बघायला यायच्या, दारावरचे लाल आकडे बघून तोंडाला पदर लावायच्या आणि म्हणायच्या, "इंजिनेर दीर हाय बाई हिचा." मी कसला इंजिनिअर! डिप्लोमा केलेला माणूस, सोलापुरात बारकं दुकान, पूर्व भागातल्या यंत्रमागांची कार्डं दुरुस्त करून पोट भरतो. पण त्या इंजिनेर म्हणाल्या की मी कधी 'नाही ओ' म्हटलं नाही. बरं वाटायचं ऐकायला.

दादा ट्रकवर असतो, महिन्यातले कितीतरी दिवस बाहेर. पोरं शिकायला बाहेर. घरात वहिनी एकटी. त्या मशीननं तिच्या हाताला काम मिळालं आणि घरात बायांचा राबता सुरू झाला.

रीत तिनंच लावली. आमच्याकडं शेळी अर्धलीनं देतात; शेळी एकाची, सांभाळणारा दुसरा, करडं निम्मी-निम्मी. तसंच तिनं अंड्यांचं केलं. बायांनी आपापल्या गावरान कोंबड्यांची अंडी आणून द्यायची, पिल्लं फुटली की निम्मी त्यांची, निम्मी हिची. कोणतं अंडं कुणाचं ते कळावं म्हणून जिनं तिनं खूण करायची. कुणाची कोळशाची रेघ, कुणाचा कुंकवाचा ठिपका, शिवणकाम करणाऱ्या चाचीची खडूची फुली. आठवड्यानं वहिनी सगळ्यांना बोलवायची, खोलीचं दार-खिडकी लावून अंधार करायची आणि मोबाईलच्या उजेडावर एकेक अंडं धरायची. अंडं जिवंत असलं की आत लाल शिरांचं जाळं दिसायचं. मग काय विचारता! "माझं बघ कसं धरलंय, तुझं अजून झोपलंय," "तुझा कोंबडाच म्हातारा झालाय गं," असा हसून हसून दंगा. मी एकदा तिथं होतो. चाचीनं आपलं अंडं दोन्ही हातांत घेऊन तोंडाजवळ नेलं आणि त्याच्याशी काहीतरी बोलली. काय बोलली ते ऐकू आलं नाही.

सुरुवातीला वहिनीनं आत एक काचेचा थर्मामीटर ठेवलेला होता. दारावरच्या आकड्याशी ती तो रोज ताडून बघायची. मला ते टोचायचं. एकदा मी बोललोच, "वहिनी, माझ्या मशीनवर विश्वास नाही का तुमचा? ती कांडी काढा आधी. फुटली तर पारा सांडंल अंड्यांवर." ती हसली. "तसं न्हाय ओ भावजी, आपली जुनी सवय." आणि काढून टाकली. पाऱ्याचं मी उगाच पुढं केलं होतं. मला राग आला होता तो त्या ताडून बघण्याचा.

आता इथं थोडं माझ्या धंद्याचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आम्ही कॉम्प्युटरवर जे लिहितो ते चिपला कळत नसतं. कंपायलर नावाचं सॉफ्टवेअर ते तिच्या भाषेत करून देतं. त्या कंपायलरसोबत काही तयार फायली येतात, म्हणजे सेन्सर वाचणं वगैरे नेहमीची कामं आपण पुन्हा लिहायला नको. माझ्या मशीनमध्ये दोन सेन्सर होते, एक तापमानाचा, एक ओलाव्याचा, आणि चिप ते आळीपाळीनं वाचायची. तयार फाईल या कामात फार घाई करायची. काट्यावरून कांदे उतरवले आणि काटा थांबायच्या आत लसूण ठेवला तर वजन कसं येईल, तसं तापमानाचं व्हायचं. दोन-अडीच अंश कमीच दिसायचं. पहिल्यांदा मशीन करताना हे माझ्या ध्यानात आलं होतं आणि मी एक ओळ घालून ते दुरुस्तही केलं होतं: 'जरा थांब, मग वाच.'

ओळ बरोबर होती. घातली ती जागा चुकीची. फाईलची प्रत करून माझ्या कामाच्या फोल्डरमध्ये घ्यायची, तिथं बदल करायचा, ही पद्धत. मी थेट कंपायलरच्या फोल्डरमध्ये हात घातला, त्याचीच मूळ फाईल बदलली आणि विसरून गेलो. आमच्या धंद्यात हा आळस सगळेच करतात. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकतो माणूस, तसं. घरमालकानं रंग काढला की खिळा जाणार, हे कुणाच्या डोक्यात असतं?

त्या उन्हाळ्यात वहिनीच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. माहेर बार्शीला. मशीन आल्यापासून वहिनी माहेरी राहायला गेलीच नव्हती, अंडी टाकून जायचं कसं? तिनं फोन केला. "भावजी, एक रात तरी जायाला पायजे. आई वाट बघतीया. लाईट गेली तर मशीननं शिट्टी मारावी असं करता येईल का? म्हंजी शेजारच्या काकूला ऐकू जाईल, ती येऊन वायर इन्व्हर्टरला लावंल."

"एवढंच ना? पाच मिनिटांचं काम," मी म्हटलं.

दुकानात दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. लॅपटॉप उघडला तर कंपायलरची ती नेहमीची पाटी आली: नवीन आवृत्ती आलेली आहे. लई दिवस मी तिला 'नंतर' म्हणून हाकलत होतो. त्या दिवशी काय सुचलं कुणास ठाऊक, म्हटलं करून टाकू एकदाचं. जुनी आवृत्ती काढू का म्हणून विचारलं, मी 'हो'. नवी बसली. त्यावर लगेच एक पॅच आलेला होता, म्हणजे नव्या आवृत्तीतल्या चुका दुरुस्त करणारा तुकडा, तोही लावला. मग शिट्टीचा प्रोग्राम लिहिला, कंपायलरमधून काढला. चुका शून्य, इशारे शून्य. चिपमध्ये भरून टेबलावर चालवून बघितलं. फक्त तापमानाचा सेन्सर जोडला. ओलाव्याचा कोण शोधत बसणार ड्रॉवरमध्ये? आकडा बरोबर आला, शिट्टी झकास वाजली. माझी मीच पाठ थोपटून घेतली.

दुसऱ्या दिवशी मंद्रूपला जाऊन चिप बदलली, लाईट नसताना शिट्टी वाजावी म्हणून कार्डाला एक छोटी बॅटरी जोडली. आत अंडी होतीच. आठवडा उलटून गेलेला, सगळ्यांच्या शिरा बघून झालेल्या. काकूला पडवीत उभं करून मी प्लग काढून शिट्टी ऐकवली. काकू दचकली, मग हसली. "आगं बया, रेल्वेच आली की घरात." वहिनीनं मला चहाबरोबर शेंगापोळी दिली. पिशवी भरताना म्हणाली, "भावजी, तुमच्यामुळं आईकडं जायाला मिळालं बगा." मी म्हटलं, "बिनघोर जावा. आता मशीन स्वतःच हाक मारतंय."

ती गेली, एक रात्र राहून आली. लाईट गेली नाही, शिट्टी वाजली नाही. दारावर साडेसदतीसचा आकडा, जसा पाहिजे तसा. शेवटच्या दिवसांत दार उघडायचं नसतं, तेही मीच शिकवलेलं, म्हणून तिनं उघडलं नाही.

पिल्लं फुटायच्या दिवशी बाया टोपल्या, खोकी घेऊन आल्या. मला फोन आला तेव्हा मी एका मागवाल्याचं कार्ड उघडून बसलो होतो. वहिनी हळू आवाजात म्हणाली, "भावजी, एक बी फुटलं न्हाय."

"थांबा की जरा. मागं-पुढं होतं."

"कालपासनं वाट बघतीया. काकूनं आपलं एक फोडून बगितलं. पिल्लू हाय आत. पुरं झालेलं न्हाय. वाळलंय."

त्या वेळी माझ्या तोंडातून जे निघालं ते मला आजही ऐकू येतं. मी चिडलो. मशीनचं नाव निघतंय म्हटल्यावर डोकंच फिरलं. मी म्हटलं, "वहिनी, मशीन चुकत नसतं. मागच्या एवढ्या खेपा चुकलं का? तुम्ही बार्शीला गेलात तेव्हा इथं काय झालं ते आधी विचारा सगळ्यांना."

तिनं फोन स्पीकरवर लावलेला होता. काय करावं ते मी सांगीन आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल, म्हणून लावलेला. मग काकूचा आवाज आला, लांबून, "तरीच. मी म्हनलंच हुतं, अंडी बसवल्यावर घर सोडू ने." आणि फोन बंद झाला.

मला काय, मी पुन्हा कामाला लागलो. पण संध्याकाळी कार्ड मागवून घेतलं, एसटीनं येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर. दाखवायचं होतं की माझ्यात खोट नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावर ते जोडलं, या वेळी ओलाव्याच्या सेन्सरसकट, आणि शेजारी थर्मामीटर ठेवला. बल्ब लागले. आकडा चढत चढत साडेसदतीसवर आला. थर्मामीटरचा पारा चाळिशीला टेकला होता.

मी थर्मामीटर बदलून बघितला. दुसऱ्याचंही तेच. तरी कळेना. मग ती फाईल उघडली. कंपायलरनं आणलेली नवी कोरी फाईल. माझी ओळ नव्हती. ती असणारच नव्हती. जुनी आवृत्ती काढू का म्हणून त्यानं विचारलं होतं आणि मीच हो म्हटलं होतं. समोर गिऱ्हाईक उभं होतं, ते काय बोलत होतं ते कळत नव्हतं. त्या बायांनी अंधारात बघितलेल्या शिरा, मी चिप बदलली तेव्हा आत जिवंत होत्या. मी प्लगशी खेळत काकूला हसवत होतो आणि तिथूनच त्यांना शिजवायला सुरुवात केली होती. लाज आली. आणि सगळ्यांत जास्त आली ती फोनवरच्या माझ्या त्या वाक्याची.

दुरुस्ती सोपी होती. फाईलची प्रत माझ्या फोल्डरमध्ये घेतली, ओळ तिथं घातली, कंपायलरला सांगितलं की तुझी नको, ही वापर. आता शंभर अपडेट येऊ देत. नवी चिप भरली, दोन्ही सेन्सर लावून दिवसभर थर्मामीटरशी ताडत बसलो. वहिनी ताडायची तसा.

मग मंद्रूपला गेलो. वहिनीला म्हटलं, "चूक माझी होती. सगळ्यांना बोलवा, मी सांगतो." ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ओ." मी ऐकलं नाही. मला कधी एकदा बोलून मोकळा होतो असं झालं होतं.

बाया आल्या. सगळ्या नाही, पण काकू आली, चाची आली, अजून चार-पाच जणी. त्या बसल्या तशी वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी सांगितलं. कंपायलर सांगितला, फाईल सांगितली, काटा आणि कांदे सांगितले. शेवटी म्हटलं, "वहिनीची काही चूक नाही. ती इथं असती तरी अंडी मेलीच असती. दोष माझा आहे." हात जोडले.

काकू माझ्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बगा," ती बायांना म्हणाली, "वहिनीसाटी किती करतंय लेकरू. हिची चूक आपल्या अंगावर घेतंय."

"अहो काकू, तसं नाही. खरंच माझी चूक आहे."

"असू दे, असू दे. आमाला कळतंय."

मी ती बिघडलेली चिप आणली होती. म्हटलं थांबा, दाखवतोच. फ्रिजमध्ये ती लावली, थर्मामीटर ठेवला, अर्धा तास सगळ्यांना बसवून घेतलं. दारावर साडेसदतीस, काचेत चाळीस. "हे बघा! दिसलं? मशीन खोटं बोलत होतं."

चाचीनं वाकून दोन्ही बघितलं. मग माझ्याकडं बघून मायेनं म्हणाली, "भाईसाब, मशीन आपका. आप जो बोलेंगे वहीच दिखाएगा ना."

सगळ्यांनी माना डोलावल्या. काय चुकलं तिचं? खरंच होतं ते. मशीन माझं, मी सांगीन तेच दाखवणारं. आणि फोनवर पहिल्यांदा मी सांगितलं होतं की मशीन चुकत नसतं. ते त्यांनी ऐकलं होतं, तेव्हा मी रागात होतो. रागात माणूस खरं बोलतो असं त्यांचं म्हणणं. आता मी हात जोडून बोलत होतो म्हणजे घरची अब्रू झाकत होतो. जाताना एकीनं वहिनीला ऐकू जाईल असं म्हटलं, "असा दीर मिळायला नशीब लागतंय बाई." वहिनीनं कपबशा उचलल्या आणि आत गेली.

त्यानंतर अंडी येईनात. खुडूक बसलेल्या कोंबडीखाली ठेवू म्हणाल्या बाया, जुन्या पद्धतीनं. पिल्लं कमी निघतात पण घर सोडून तर जात नाही कोंबडी, असं कुणीतरी पिठाच्या गिरणीत बोललं, तेही वहिनीपर्यंत आलं. दुपारी घरात येणारं माणूस थांबलं. मी दर खेपेला जायचो आणि भेटेल तिला पुन्हा सांगायचो, बाजारात, एसटी स्टँडवर, काकूच्या ओट्यावर. जितकं सांगावं तितकी त्यांची माझ्यावरची माया वाढायची. मला वेड लागायची पाळी आली. एकदा तर मी काकूवर ओरडलो, "तुम्हाला मराठी कळत नाही का?" काकू म्हणाली, "कळतंय की, लेकरा. दमलायंस तू. पानी पी."

त्याच दिवशी वहिनीनं मला बोलावून समोर बसवलं. ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

"भावजी, आता बास करा."

"पण वहिनी, खरं आहे ते."

"व्हय, मला ठावं हाय. पर तुमी सांगताय तशी मीच खोटी पडतीया. तुमी एकदा सांगितलं तवा मी चुकलेली हुती. धा वेळा सांगितलं तवा मी चुकलेली बी आन दिराला पुडं करणारी बी झाली. मला बाया पायजेत घरात. तेवडं बगा."

"मग मी काय करू सांगा. काय म्हणाल ते करतो."

तिनं काय करायचं ते सांगितलं. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "काय म्हनाल ते करतो, असं आत्ताच बोल्लासा की."

काकूला तिनंच हाक मारली. काकू पडवीत येऊन बसली. वहिनी उंबऱ्यात उभी, मान खाली. मी सांगितलं. म्हटलं, काकू, तुमचंच खरं होतं. मशीनमध्ये खोट नव्हती. घर सोडून जायला नको होतं. आता ती जाणार नाही, अंडी बसवल्यावर तर मुळीच नाही, मी शब्द देतो.

"आईचा दुसरा डोळा ऱ्हायलाय न्हवं हिच्या?" काकूनं विचारलं.

मी वहिनीकडं बघितलं. तिनं मान वर केली नाही, नुसती हलवली.

"त्याला भाऊ आहेत तिचे," मी म्हटलं.

काकू उठली, तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "गुनाचं लेकरू," म्हणाली. "उद्या आनती अंडी."